माळ्यावरची बाटली

ठेवलेली वस्तु वाढते, ही आमच्या घरांतील पिढीजात समजूत आहे. कैरीचें लोणचें ज्येष्ठांत बरणींत भरलें म्हणजे पहिले पंधरा दिवस कैरी वेगळी आणि मीठ-मोहरी वेगळी. श्रावण उजाडेपर्यंत मात्र दोहोंचें सूत जमतें आणि तें खरें लोणचें होतें. लिंबाचें उपवासाचें लोणचें जितकें काळें पडेल तितकें तें औषधी. जुना तांदूळ मोकळा शिजतो, जुना गूळ वैद्य मागून नेतात, आणि दहा वर्षांचें तूप कोणाच्या घरीं आहे याची चौकशी करीत पूर्वीं लोक अर्धें गांव पालथें घालीत. आमच्या भाषेनें या सगळ्या व्यवहाराला एकच सुंदर शब्द दिलेला आहे—मुरणें. अशा घरांत वाइनची एक बाटली माळ्यावर नऊ वर्षें मुरत ठेवली गेली, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. त्या नऊ वर्षांचें काय झालें, तें सांगण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे. परंतु तेथें पोंचण्यापूर्वीं वाचकांस थोड्या आडवाटेनें न्यावें लागेल.

आमचें घर टेंभुर्णीचें. पुण्याहून सोलापुराकडे जातांना उजनीचें धरण मागें टाकलें म्हणजे लौकरच हें गांव लागतें. येथून एक रस्ता कुर्डुवाडीला, एक पंढरपुराला आणि एक अकलूजला फुटतो. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचें नरसिंहपूर एका सकाळींत जाऊन दर्शन घेऊन येण्याइतकें जवळ आहे. घर जुनें, जाड भिंतींचें. स्वयंपाकघरावर माळा आणि माळ्यावर पत्रा. हा पत्रा या हकीकतींतील एक मुख्य पात्र आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

२०१४ सालच्या जानेवारींत आमचा पुतण्या पुण्याहून आला, तो ही बाटली घेऊन. तांबडी वाइन, महाराष्ट्रांतच झालेली. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण पुढें जें झालें त्यांत दोष वाइनचा नव्हता. त्याच उन्हाळ्यांत पुतण्याचें लग्न व्हावयाचें होतें. मुलगी त्याच्या कचेरींतली, त्यानें स्वतः निवडलेली, आणि दादांना—आमच्या थोरल्या बंधूंना—न मानवलेली. पुतण्याच्या मनांत असें होतें कीं, कार्य टेंभुर्णीसच व्हावें आणि शेवटची पंगत उठल्यावर रात्रीं अंगणांत बापानें, काकानें व त्यानें मिळून ही बाटली उघडावी. दादांनीं बाटली पाहिली, मुलाकडे पाहिलें आणि ते म्हणाले, "हें या घरांत नको." 'हें' म्हणजे बाटली कीं लग्न, याचा उलगडा त्यांनीं केला नाहीं व कोणी विचारलाही नाहीं.

आमची आई तेव्हां चौऱ्यांशी वर्षांची होती. ती म्हणाली, "द्राक्षांचाच रस ना? मग टाकतां कशाला? लोणच्याच्या बरण्यांशेजारीं ठेवा. मुरेल."

आईपुढें दादा बोलत नसत. बाटली माळ्यावर गेली. लग्न मे महिन्यांत पुण्यास झालें. आम्ही गेलों, वहिनी आल्या. दादा आले नाहींत.

त्यानंतर पुतण्या येई, पण सणावारीं, एका दिवसापुरता. सूनबाई बरोबर असली तर ओटी भरून घेऊन दोघें संध्याकाळच्या गाडीनें परत. दादा दोघांशींही सभ्यपणें बोलत, आणि तो सभ्यपणाच सर्वांस बोंचत असे. आई दर दिवाळीच्या झाडलोटींत बाटली खालीं उतरवून घेई, ओल्या फडक्यानें पुशी, उजेडाकडे धरून पाही आणि "मुरते आहे" असें म्हणून पुन्हां बरण्यांच्या रांगेंत उभी करवी. ती कशाची वाट पाहत होती, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. २०२० मध्यें आई गेली. बाटली राहिली.

आमच्यासारख्या घरांत वाइनविषयीं लिहावयाचें म्हणजे आधीं घसा खांकरावा लागतो. ज्या समाजानें १९०८ सालीं टिळकांच्या पुण्यांत दारूच्या गुत्त्यांपुढें स्वयंसेवक उभे केले, आणि गडकऱ्यांच्या पश्चात् रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'नें ज्याच्या कित्येक पिढ्यांना रडविलें, त्या समाजाला पेला दिसला कीं त्यापाठोपाठ सुधाकर आणि सिंधू दिसूं लागतात. हें भय खोटें नाहीं. मद्यानें मोडलेलीं घरें आम्हींही पाहिलीं आहेत, आणि तीं सगळीं परक्यांचीं नव्हतीं. या लेखांत कोणास पिण्याचा आग्रह नाहीं. न पिणाऱ्यानें न पिणेंच बरें. परंतु ज्या घरांत वाइनच्या बाटलीला उंबरठा ओलांडूं द्यावा कीं नाहीं यावर वाद झाला, त्याच घरांत जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तितक्याच पाण्यांतून घेण्याचा परिपाठ चाळीस वर्षांचा होता. द्राक्षासव म्हणजे तरी काय? द्राक्षें, गूळ किंवा साखर आणि धायटीचीं फुलें एकत्र आंबवून केलेलें औषध. त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलें असतें कीं, आंतील मद्यार्क आपोआप उत्पन्न झालेला आहे. जणुं वाइनमधील मद्यार्क कोणी बाहेरून आणून ओततो! दोहोंतही यीस्ट नांवाचा तोच सूक्ष्म जीव साखर खातो आणि मद्यार्क सोडतो. फरक मात्रेचा आहे आणि हेतूचा आहे. शार्ङ्गधरानें तर आसवें, भस्में आणि रसौषधें जुनीं झाल्यानें अधिक गुणकारी होतात असें सांगून ठेवलें आहे. तेव्हां आईचें "मुरेल" हें निव्वळ म्हातारपणचें बोलणें नव्हतें, त्याला शास्त्राधार होता. शास्त्र दुसऱ्या वस्तूचें होतें, एवढेंच.

द्राक्षाच्या मद्याची ओळख आम्हांस इंग्रजांनीं करून दिली, असा कोणाचा समज असेल तर तोही खरा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यांत द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलें असून 'कापिशायन' आणि 'हारहूरक' हीं त्याचीं नांवें तें ज्या देशांत होतें त्या देशांवरून पडल्याचें सांगितलें आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडचा मुलूख. फ्रेंच लोक बोर्दो आणि बर्गंडी या आपल्या प्रांतांचीं नांवें बाटल्यांवर मोठ्या अभिमानानें मिरवितात. मद्याचें कूळ त्याच्या मातीवरून सांगावें, ही रीत आमच्याकडील हिशेबी पंडितांस फार पूर्वींपासून ठाऊक होती.

आणखी जवळचें उदाहरण हवें असल्यास टेंभुर्णीहून कुर्डुवाडी, तेथून बार्शी आणि बार्शीपुढें तेर गांठावें. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें आपल्या समुद्रप्रवासाच्या टिपणांत लिहून ठेवलें आहे कीं, पैठण आणि तगर येथून गाड्यांवर लादलेला माल बिकट वाटांनीं भडोच बंदरीं जाई. तगराहून मुख्यतः कापड जाई. आणि त्याच बंदरांत परदेशांतून उतरणाऱ्या मालांत वाइन असे, तींतही इटलीची अधिक पसंत. तगरच्या कोष्ट्यानें विणलेलें कापड आणि इटलीच्या शेतकऱ्यानें गाळलेली वाइन भडोचच्या धक्क्यावर एकमेकांशेजारीं पडलीं असतील, ही कल्पना आम्हांला मोठी मौजेची वाटते. कारण दोन हजार वर्षांनीं इटलीचा माणूसच आमच्या शेजारीं येऊन द्राक्षें लावूं लागला.

तो असा. अकलूज आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. ऊस, साखर कारखाना आणि मोहिते-पाटील, या तीन गोष्टींसाठीं सबंध महाराष्ट्र त्या गांवाला ओळखतो. २००७ च्या सुमारास तेथील मोहिते-पाटील बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि इटलीचे सेक्की बंधु यांनीं मिळून 'फ्रॅटेली' नांवाचा वाइनचा उद्योग उभारला. इटालियन भाषेंत त्या शब्दाचा अर्थच 'भाऊ'. माळशिरस तालुक्यांतील मोटेवाडी, निमगांव अशा गांवांच्या माळांवर त्यांनीं परदेशी द्राक्षांचे वेल लावले, आणि वाइन करावयास तोस्कानी प्रांतांतून पिएरो मासी नांवाचा जाणता माणूस आणला. सांजोवेझे हें तोस्कानीचें घरचें द्राक्ष. तें आमच्या मुरमांत रुजलें. त्यांच्या सर्वांत नांवाजलेल्या वाइनचें नांव 'सेत्ते', म्हणजे सात. सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांची ती जोडी ओकच्या पिंपांत ठेवून मग बाटलींत भरतात. भावाभावांनीं मिळून एक धंदा काढावा आणि त्याला नांवही 'भाऊ'च द्यावें, याचें आम्हांस पहिल्यानें हंसूं आलें. पुढें आमच्या घरांतील सभ्यपणा पाहून तें ओसरलें.

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवें नव्हे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं निवडून काढलेली 'सोनाका' ही लांबट मण्याची जात कोठल्या कोठें पोंचली. परंतु खावयाचें द्राक्ष निराळें आणि वाइनचें निराळें. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा. पाहुण्यांपुढें ठेवण्यासारखें त्याच्या घडांत कांहीं नसतें. साखर मात्र अधिक. तांबडा रंग बहुधा सालींतून येतो, रसांतून नव्हे; म्हणून तांबडी वाइन सालींसकट आंबवितात आणि पांढरी साली वेगळ्या काढून. सालींतून आणि बियांतून रंगाबरोबर एक तुरटपणा उतरतो. कोंवळ्या वाइनमध्यें तो जिभेला बोंचतो, पण मुरण्याच्या कामीं तोच येतो.

युरोपांत हा वेल हिंवाळाभर झोंपतो आणि त्याची वर्षांतून एकदांच छाटणी करतात. आमच्याकडे त्याला झोंपविण्याइतकी थंडी पडत नाहीं. म्हणून एप्रिलांत खरड छाटणी करून शेतकरी काडी तयार करवून घेतो आणि ऑक्टोबरांत फळछाटणी करून फळ धरावयास लावतो. १४ व्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस द्राक्षें वर्षांतून दोनदां येतात असें नमूद केलें आहे. आमच्या हवेंत या वेलाला विश्रांति म्हणून ठाऊक नाहीं. ऑक्टोबरांत छाटलेल्या वेलाचें द्राक्ष काढणीस येतें फेब्रुवारी-मार्चांत, म्हणजे उन्हाळ्याच्या अगदीं तोंडावर. वाइन जन्मास येते न येते तोंच तिच्या डोक्यावर एप्रिल येऊन उभा राहतो. कारखान्यांत तिला पोलादी टांक्यांतून गार ठेवतात, जिवापाड जपतात. एकदां कारखान्याचा दरवाजा ओलांडला कीं तिचें दैव मालमोटारीच्या, दुकानदाराच्या आणि आमच्या-तुमच्या हातीं.

आतां मुरण्याचा अर्थ पाहूं. लोणच्याला मीठ आणि तेल राखतात, मुरांब्याला साखर राखते, आणि तूप टिकतें तें त्यांतील पाणी कढवून उडविलेलें असतें म्हणून. या सगळ्या वस्तू आमच्या उन्हाळ्यांत टिकाव्यात यासाठींच जन्मास आल्या. आमच्या आज्या-पणज्यांनीं त्या शेंकडों उन्हाळे पारखून घेतल्या आहेत. वाइनला राखणाऱ्या गोष्टी निराळ्या: शेंकडा १२ ते १४ मद्यार्क, तिचा आंबटपणा आणि तो सालींतला तुरटपणा. बुचांतून अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत हवा आंत जाते. तुरटपणाचे कण सावकाश एकमेकांस धरून जड होतात व तळाशीं बसतात. उग्र धार बोथट होते आणि ताज्या फळाचा वास मागें पडून सुकलेल्या फळाचा, चामड्याचा, तंबाखूचा वास पुढें येतो. हें सारें १२-१४ अंशांच्या स्थिर गारव्यांत, अंधारांत आणि बाटली आडवी असतांना व्हावें लागतें. आडवी अशासाठीं कीं बूच ओलें राहावें. उभ्या बाटलीचें बूच वाळतें, आक्रसतें आणि हवेला नको तितकी वाट देतें. युरोपांतील जुन्या घरांखालीं यासाठीं तळघरें असतात. आमच्याकडे जमिनीखालीं काय असे, तर ज्वारीचें पेंव! टेंभुर्णींत वैशाखांत सावलींत पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर किती होतो तें आम्हीं मोजलेलें नाहीं. पण मे महिन्याच्या दुपारीं लोणचें काढावयास वर चढलेल्या माणसाला बरणीचें झांकण चटका देतें, एवढें खरें.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून कमी ठाऊक. बहुतेक वाइन मुरविण्यासाठीं केलेलीच नसते. जगांत निघणाऱ्या वाइनपैकीं फारच थोडी दहा-वीस वर्षें सुधारत जाते. बाकीची दोन-चार वर्षांत संपावी अशा बेतानेंच केलेली असते, आणि पांढरी व गुलाबी तर बहुधा त्याहूनही लौकर. जुनी ती चांगली, हें थोड्या वाइनविषयीं खरें आहे. पण नाटक-कादंबऱ्यांतून आम्हांला तीच तेवढी भेटत असल्यामुळें सगळ्याच बाटल्या आम्हांस कुलीन वाटतात.

खरें म्हणजे हें आमच्या जिल्ह्याला तरी कळावयास हवें होतें. पंढरपूर-सांगोल्याकडचा शेतकरी द्राक्षांचा बेदाणा करतो, शेडमध्यें सावलींत सुकवितो, निवडतो, आणि भाव येईपर्यंत शीतगृहांत नेऊन ठेवतो. बाहेर राहिला तर हिरवट-पिवळा बेदाणा तपकिरी पडतो आणि भाव उतरतो, हें त्याच्या शाळकरी पोरालाही समजतें. द्राक्षाची जी वस्तु सुकवूनही आमच्या उन्हाळ्यांत टिकत नाहीं, ती पातळ करून टिकेल असें आम्हीं कसें मानलें? बाटलीची कांच आणि तिच्यावरचीं परकीं अक्षरें पाहून आमचे डोळे दिपले असावेत.

उष्णतेनें सुधारणारी एक वाइन मात्र आहे, आणि तिची गोष्ट येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. अटलांटिक महासागरांत पोर्तुगीजांचें मदैरा नांवाचें बेट आहे. तेथील वाइनचीं पिंपें जहाजांतून हिंदुस्थानाकडे येत. वाटेंत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे आणि जहाजाच्या पोटांत तीं महिनोन्महिने तापत. उतरवून पाहावें, तों वाइन बिघडण्याऐवजीं अधिक चवदार झालेली! १८ व्या शतकांत कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांची ती आवडती होती. व्यापारी पुढें मुद्दाम पिंपें जहाजावर चढवून उष्ण समुद्रांतून फिरवून आणूं लागले. नंतर तोही खर्च वांचवून बेटावरच तापविण्याच्या खोल्या बांधल्या. परंतु मदैरा टिकते ती तींत वरून कडक मद्यार्क घातलेला असतो म्हणून. लोणच्यांत मीठ घालावें, तसेंच तें. आईचा माळा मदैरेला मानवला असता.

घेणाऱ्यासाठीं दोन शब्द. आमच्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानांत वाइनलाच सर्वांत थोडी जागा असते. पुढच्या फळ्यांवर व्हिस्की आणि रम, आणि वाइन कोठें तरी वरच्या कोपऱ्यांत दिव्याखालीं, नाहीं तर शोभेसाठीं दर्शनी कांचेंत उन्हांत उभी. अशी बाटली कितीही सवलतींत मिळाली तरी घेऊं नये. बाटलीवर द्राक्षाचें साल छापलेलें असल्यास वाचावें, आणि साधी पांढरी वाइन तीन-चार वर्षांपूर्वींची असेल तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकास राहूं द्यावी. बूच गळ्याच्या वर उचललेलें दिसलें किंवा गळ्याशीं चिकट ओघळ दिसला, कीं समजावें, ही वाटेंत तापली. पेचाचें झांकण पाहून नाक मुरडूं नये. लौकर संपवावयाच्या वाइनला तें बुचाइतकेंच उपयोगी. महाग ती चांगली, हा नियम वाइनला साडीइतकाच लागू पडतो. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवरच घ्यावी असें पुस्तकांत लिहिलेलें असतें, पण ती खोली विलायतेची. आमच्या खोलींतल्या बाटलीला आधीं अर्धा तास फ्रिज दाखवावा. उघडलेली बाटली पुन्हां बूच लावून फ्रिजमध्यें दोन-तीन दिवस बरी राहते. आणि महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं मद्य बाळगावयास व प्यावयास परवाना लागतो, ही गोष्ट घेणारा विसरतो व विकणारा सहसा आठवण करून देत नाहीं.

२०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां केवढें रण माजलें तें वाचकांस स्मरत असेल. तें आमच्या ओसरीवरही माजलें. वहिनी म्हणाल्या, "उसाच्या मळीची दारू सरकारला चालते, मग द्राक्षवाल्यानेंच काय घोडें मारलें?" दादा म्हणाले, "एक चालते म्हणून दुसरी चालूं द्यावयाची, हा कोठला न्याय? तांदळाच्या पिशवीशेजारीं बाटली दिसली म्हणजे पोरांना ती तांदळासारखीच वाटेल." दोघांचेंही आम्हांस पटलें, आणि दोघांनींही आमच्यावर राग धरला.

अशा दादांनीं २०२३ च्या फेब्रुवारींत आपण होऊन पुतण्याला फोन केला. आईचें श्राद्ध होतें. "या वेळीं सगळीं या, आणि चार दिवस राहा," एवढेंच ते म्हणाले. पुतण्या, सूनबाई आणि सहा वर्षांची नात आलीं. श्राद्ध यथासांग पार पडलें. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही अंगणांत चटईवर बसलों होतों, तों दादा एकदम म्हणाले, "ती आईची बाटली माळ्यावर आहे ना?"

नऊ वर्षें ती पुतण्याची बाटली होती. ती आईची केव्हां झाली, हें आम्हांपैकीं कोणास कळलें नव्हतें.

पुतण्यानें ती उतरविली. आंतील पातळी गळ्याखालीं दोन बोटें गेलेली, बूच एका बाजूनें वर आलेलें. चाकूचा पेच फिरवितांच बुचाचा भुगा झाला, आणि वहिनींनीं चहाची गाळणी आणून दिली. रंग तांबडा राहिला नव्हता. कडेला तो थेट जुन्या विटेसारखा तपकिरी दिसत होता. वास करपलेल्या गुळाचा. पुतण्यानें एक घोट घेतला आणि पेला खालीं ठेवला. "गेली," तो म्हणाला. सूनबाईनें जिभेला लावून मान हलविली. आम्हींही चव पाहिली. अशी वाइन बाधत नाहीं, पण तींत वाइन म्हणावें असें कांहीं उरलेलेंही नसतें. मनुका भिजवून विसरलेल्या वाटींतलें पाणी, आणि मागून एक कोरडा आंबटपणा.

दादांनीं हात पुढें केला. हातांत द्राक्षासवाच्या बाटलीचें मापाचें टोपण होतें. "ह्यांत घाल," ते म्हणाले. बहात्तर वर्षांच्या आयुष्यांत त्यांनीं या वस्तूला स्पर्श केला नव्हता. वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. दादांनीं टोपण तोंडाला लावलें, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानें गंभीरपणें निकाल दिला, "द्राक्षासव बरें."

तेव्हां सर्वांत आधीं हंसली ती सूनबाई. मग वहिनी हंसल्या, मग आम्ही सगळींच.

हंसणें ओसरल्यावर दादांनीं विचारलें, "त्याच वर्षीं उघडली असती तर?"

"चांगली लागली असती, बाबा. दोन वर्षांच्या आंत उघडा, असें दुकानदारानें मला घेतांनाच सांगितलें होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

पुतण्या टोपणाकडे पाहत होता. "आजी दर दिवाळीला पुशीत होती," तो म्हणाला. "तिला काय सांगणार?"

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दादांनीं टोपण स्वतः उठून विसळलें व द्राक्षासवाच्या बाटलीवर परत बसविलें. उरलेली वाइन वहिनींनीं परसांत जास्वंदीच्या आळ्यापासून दूर, मोरीच्या तोंडाशीं ओतली; झाडाला मानवेल कीं नाहीं याची त्यांना खात्री नव्हती. बाटली मात्र घासून-पुसून फळीवर ठेवली. सध्यां तींत खोबरेल तेल आहे.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या बायको-मुलीला घेऊन अकलूजकडे द्राक्षांचे मळे दाखवावयास गेला आणि येतांना पेचाच्या झांकणाची एक पांढरी बाटली घेऊन आला. या खेपेस ती माळ्यावर गेली नाहीं. वहिनींनीं फ्रिजच्या दारांतील ताकाची बरणी सरकवून तिला जागा केली. दादांनीं चष्मा लावून तिच्यावरचें साल वाचलें, पुन्हां वाचलें, आणि पुतण्याला विचारलें, "आतां पुन्हां केव्हां येणार?"

"एप्रिलांत जमेल. दुसऱ्या शनिवारीं."

आपण ती घेणार कीं नाहीं, तें दादा बोलले नाहींत. त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचीं पानें उलटून एप्रिलचें पान काढलें आणि दुसऱ्या शनिवारच्या चौकटींत पेन्सिलीनें खूण केली.